फुकटातली मेंढरं

दीक्षाला राग यायला वेळ लागत नसे आणि आलेला राग जायला आठवडा पुरत नसे. हा गुण थेट बापाचा. खराडेसरांना याची कल्पना नव्हती, असती तर भर वर्गात त्यांनी ते वाक्य तोंडातून काढलं नसतं. पण माणूस खुर्चीवर बसला की त्याला वाटतं, समोरच्या बाकांवर सगळी खोडरबरंच बसली आहेत.

साल सत्त्याण्णव. सांगलीतल्या एका खाजगी तंत्रनिकेतनात दीक्षा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. गाव साताऱ्यातल्या औंधजवळचं, राहायला सांगलीत आत्याकडे. शेवटच्या वर्षी दोघादोघांनी मिळून एक प्रोजेक्ट करायचा, बाहेरगावचा परीक्षक तो बघणार, आणि शेवटी विभागप्रमुख सही करणार. सही झाली नाही तर वर्ष गेलं. आणि विभागप्रमुख कोण, तर हेच खराडेसर.

त्या वर्षी सरांच्या डोक्यात गेम शिरला होता. "पगारपत्रकं आणि दवाखान्याची बिलं बघून परीक्षक झोपतात," ते म्हणाले. "यंदा निदान चार जोड्यांनी गेम करायचे. बाहेरचा माणूस बघून गार पडला पाहिजे." दीक्षाने पहिला हात वर केला. तिच्या शेजारी बसलेल्या नानासोने तिचा हात वर गेलेला बघून आपलाही केला. नानासो आटपाडीकडचा, धनगराचा पोरगा. वडील आता डाळिंबाची बाग बघत, चुलत्याची मेंढरं मात्र अजून रानोमाळ फिरत होती. पहिल्या वर्षापासून दीक्षाची आणि त्याची जोडी, कारण दोघांचंही इंग्रजी सारखंच कच्चं आणि दोघंही ते लपवत नसत.

गेम करायचा ठरला, पण करायचा कशात? तिथंच सगळं रामायण सुरू झालं.

वर्गातल्या राजवर्धनने पुण्याहून एक सीडी आणली होती. परदेशी सॉफ्टवेअर. चित्रं तयार, आवाज तयार, नुसतं माऊसने ओढून आणायचं आणि ठेवायचं की गाड्या पळायला लागतात. मूळ सीडी विकत घ्यायची तर त्या पैशात फटफटी आली असती. पण तिची कॉपी करून घ्यायची तर पन्नास रुपये. सरांनी सीडी प्रकाशात धरून निरखली आणि फर्मान काढलं, "गेमवाल्या सगळ्यांनी हेच घ्यायचं. लॅबच्या नव्या मशीनवर आजच टाकून घ्या."

"सर, पण ही कॉपी आहे ना?" दीक्षाने विचारलं.

"मग? पन्नास रुपयेसुद्धा जड झाले का?"

"तसं नाही सर. आपण पैसे न देता घेतोय, म्हणजे चोरीच की."

वर्ग खो खो हसला. हसणारच! त्या काळात सीडीच्या कॉपीला चोरी म्हणणारं माणूस अख्ख्या सांगली-साताऱ्यात औषधाला सापडलं नसतं. दुकानदार कॉपी विकत, क्लासवाले कॉपी शिकवत. एक दीक्षाच तेवढी आडवी लागली. का लागली ते तिच्या बापाला ओळखल्याशिवाय कळायचं नाही.

तिचा बाप यल्लाप्पा वीज मंडळात वायरमन होता. गावात लग्न असो, जत्रा असो, मांडवाची लाइट घ्यायची म्हणजे सरळ खांबावरच्या तारेला वायरीचा आकडा टाकायचा, अशी रीतच होती. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. वायरमनने फक्त दुसरीकडे बघायचं. एका वर्षी जयंतीला बुद्धविहारापुढचा मांडव असाच आकड्यावर झगमगत होता. यल्लाप्पा ड्यूटीवरून आला, मांडवाकडे बघितलं, सायकल लावली आणि शिडी मागवली. लोकांना वाटलं, आणखी बल्ब लावायला चढला. त्याने वर जाऊन स्वतःच्या हाताने आकडा काढला. सगळी वस्ती अंधारात! काय शिव्या खाल्ल्या त्याने, विचारू नका. "घरचाच माणूस वैरी निघाला" इथपर्यंत मजल गेली. यल्लाप्पा शिडीवरूनच म्हणाला, "दर रविवारी आत बसून पंचशील म्हणता का न्हाई, न दिलेलं घेनार न्हाई म्हणून? मग भायेर आल्यावर आकडा कसा टाकता रं?" दुसऱ्या दिवशी रीतसर मीटर बसलं, पैसे भरले गेले आणि मांडव पुन्हा पेटला. शाळकरी दीक्षा तेव्हा बापावर चिडली होती, मैत्रिणींना तोंड दाखवायची तिला लाज वाटली होती. पण आकडा हा शब्द तिच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. राजवर्धनची सीडी बघितली आणि तिला तारेला लटकलेली वायरच दिसली.

मग तिने आणि नानासोने स्वस्तातलं दुसरं काही मिळतंय का ते धुंडाळलं. एका मासिकाबरोबर आलेली नमुन्याची सीडी लावून बघितली, ती महिनाभर चालली आणि पैसे भरा म्हणून रुसून बसली. परदेशात कोणी कोणी लोक स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर खुशाल वाटतात असं ऐकलं, पण ते इंटरनेटवरून उतरवायचं, आणि इंटरनेटची लाइन सांगलीत अशी की अर्धं उतरेपर्यंत फोन कट. शेवटी लॅबच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कव्हराखाली पडलेल्या जुन्या मशीनकडे दीक्षाचं लक्ष गेलं. कॉलेज नवीन निघालं तेव्हा घेतलेलं ते मशीन, पावतीनिशी, मशीन चालवणाऱ्या डॉस प्रणालीच्या अस्सल फ्लॉप्यांसकट. त्या फ्लॉप्या अजून कपाटात होत्या. आणि त्या डॉसबरोबरच क्यूबेसिक येतं, प्रोग्रॅम लिहायचं साधं सॉफ्टवेअर. वेगळा पैसा नाही, कोणाची चोरी नाही.

"सर, आम्ही क्यूबेसिकमध्ये गेम करतो," तिने वर्गात उठून सांगितलं.

सरांनी कपाळाला हात लावला. "क्यूबेसिक? अगं, ते शाळेतल्या पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवायला असतं! त्यात गेम करणार तू?" आणि मग सगळ्या वर्गाकडे बघत, हसत हसत, ते वाक्य आलं. "पण बरोबरच आहे. तुम्हा लोकांना सगळं फुकटातलंच लागतं."

तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, हे वर्गात कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. फी माफीच्या यादीत दीक्षाचं नाव दरवर्षी नोटीस बोर्डावर लागायचं. त्या दिवशी खो खो हसणारा वर्ग आता वह्यांत बघायला लागला. नानासोचे कान लाल झाले. दीक्षाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि नेमकं त्याच वेळी, जन्मात कधी नाही ते, तिच्या तोंडातून शब्द फुटेना. कसंबसं एवढंच म्हणाली, "क्यूबेसिकमध्येच करणार सर."

"कर बापडे. पण परीक्षकासमोर विभागाची शोभा झाली, तर माझी सही विसरायची."

शनिवारी ती गावी गेली. बाप अंगणात बसून पान्याने काहीतरी आवळत होता. तिने सगळं सांगितलं, सांगताना रडली, रडू आलं म्हणून आणखी चिडली. आई म्हणाली, "जाऊ दे गं बाई, सरांच्या तोंडाला कशाला लागायचं? वर्ष गेलं तर?" यल्लाप्पाने पाना खाली ठेवला.

"मग तू काय बोललीस?"

"काहीच न्हाई. तोंडच उघडलं न्हाई, आप्पा."

"मंजे तुझं बोलायचं ऱ्हायलंय अजून," तो म्हणाला आणि पुन्हा पान्याला लागला.

सोमवारपासून दीक्षा जुन्या मशीनला भिडली. गेम तिचाच, पण विषय नानासोचा: मेंढरांचा कळप आटपाडीच्या माळावरून निघतो, खटावातून, औंधावरून, साताऱ्याकडच्या खंडाळ्याचा घाट ओलांडून पुण्याच्या बाजूला जातो. वाटेत उभी ज्वारी लागते. तिच्यात मेंढरं शिरली की शेतकरी काठी घेऊन धावतो आणि गुण जातात. पण रिकाम्या रानाचा मालक हाक मारतो, माझ्या शेतात रात्री मेंढरं बसवा म्हणून, कारण लेंडीखत मिळतं. त्याच्या रानात कळप नेऊन बसवला की गुण मिळतात. कुठल्याही परदेशी सीडीत हे चित्र तयार मिळालं नसतं. मेंढरं दीक्षाने एकेक ठिपका मांडून काढली.

मेंढरं झकास झाली, पण चालेनात! दोन-तीन होती तोवर ठीक. कळप म्हणावा एवढी केली की मशीनची दमछाक. धनगराने एक पाऊल टाकलं की प्रत्येक मेंढराने हिशेब करायचा, धनगर कुठं आहे, मी कुठं आहे, वळू कुठं. तेवढ्यात बाहेर जाऊन चहा पिऊन यावं. शेजारी नव्या मशीनवर राजवर्धनची लाल गाडी सुसाट पळत होती, आवाजासकट. तो येता-जाता विचारी, "काय दीक्षा, पोचली का मेंढरं औंधाला?" ती दात-ओठ खाई.

"पन्नास रुपये मी घालतो गं," नानासो एकदा वैतागून म्हणाला. "सरळ ती सीडी घेऊ. ह्या डबड्यानं आपलं वरीस जायचं."

"तुला जायचं आसंल तर खुशाल जा. मी जोडी बदलून देते."

"जोडी बदलायचं कुणी काढलं? लगीच आपलं भांडाण." तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. "आगं ए येडे, धनगर मागं कशाला ठेवलायस?"

"मग कुठं ठेवू? मागनंच हाकतात की. चित्रात बघितलंय मी, मागं मानूस आन कुत्रं."

"ते गोऱ्या सायबाचं चित्र आसंल. आमचा तात्या चुलता म्होरं चालतो, आवाज देत. आन मेंढरू धनगराकडं बघतच न्हाई. खाली मान घालून म्होरच्या मेंढराच्या शेपटाकडं बघतंय. त्ये गेलं तिकडं ह्ये. उन्हाचं तर डोकंबी म्होरच्याच्या पोटाखाली खुपसतंय. एवढा इचार करनारं मेंढरू मी तर कवा बघितलं न्हाई बाबा!"

दीक्षा खुर्चीत ताठ बसली. "थांब. परत सांग. म्होरचं जितं हुतं, तितं मागचं जातंय?"

"व्हय. मग काय तर."

"आन त्याच्या जागी त्याच्या मागचं?"

"आगं व्हय की!"

म्हणजे हिशेब करायचा तो एकट्या पुढच्या मेंढराने. बाकीच्यांनी फक्त पुढच्याची रिकामी झालेली जागा घ्यायची. आणि सगळी मेंढरं दिसायला सारखीच, तेव्हा पडद्यावर करायचं काय, तर पुढे एक नवीन काढायचं आणि शेवटचं एक पुसायचं. मधल्यांना हात लावायचाच नाही! दीक्षाने सगळं खोडून नव्याने लिहिलं आणि चालू केलं. कळप असा सळसळत निघाला की दोघांनी एकदमच ओरड ठोकली आणि लॅबचा शिपाई ज्ञानूमामा काय पेटलं म्हणून धावत आला. मग त्यानेही बसून मेंढरं खेळली आणि पहिल्याच ज्वारीत घातली.

परीक्षेचा दिवस उजाडला. दीक्षा आणि नानासो लॅबमध्ये शिरले, तर कोपरा मोकळा. जुनं मशीन गायब. फरशी पुसून तिथं कुंडी ठेवलेली.

"जुनं भंगार मी अडगळीत टाकायला सांगितलं," खराडेसर टाय सारखा करत म्हणाले. "बाहेरचा माणूस येतोय, लॅब लॅबसारखी दिसायला पाहिजे. तुझी फ्लॉपी नव्या मशीनवर चालव. तिथं आहे सगळं टाकलेलं."

तिथं सगळं टाकलेलं होतं, आणि सगळं कॉपीचं होतं. डॉससुद्धा. दीक्षाला ते पक्कं माहीत होतं, कारण त्यांच्या अस्सल फ्लॉप्या कपाटात नव्हत्याच. ती तशीच वळून बाहेर पडली. नानासो तिच्या मागे जिन्यापर्यंत पळाला.

"दीक्षे, आज एक दिस चालव की नव्यावर. सहीचा सवाल हाय. कोन इचारतंय तुला डॉस कुठला म्हणून?"

"इतके दिवस त्या डबड्याफुडं डोळे फोडले ते कशापायी मग? शेवटच्या दिवशी आकडा टाकायला?" तिचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला. "तुला यायचं नसंल तर नगं येऊ. मी एकटी उचलीन."

"एकटी उचलशील आन पायावर पाडून घेशील. हो बाजूला."

ज्ञानूमामाने अडगळीची खोली उघडून दिली. नानासोने तो बोजड मॉनिटर, चालून थकलेलं कोकरू घेतात तसा, सरळ खांद्यावर घेतला. दीक्षाने खालचा डबा छातीशी धरला, कीबोर्ड काखेत मारला. दोन मजले चढून, धुळीने माखलेली ही वरात लॅबच्या दारात आली तेव्हा परीक्षक आत येऊन बसले होते. खराडेसरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण पाहुण्यांसमोर ओरडता येईना. दीक्षाने कुंडी बाजूला सारली आणि मशीन जागच्या जागी मांडलं.

परीक्षक साताऱ्याकडचे, केस पिकलेले, फार न बोलणारे गृहस्थ. त्यांनी राजवर्धनची लाल गाडी बघितली. पुढच्या जोडीचीही गाडी, तीच, फक्त निळी. तिसऱ्या जोडीची हिरवी. झाडं तीच, रस्ता तोच, गाडी आपटल्यावरचा धडाम आवाजही तोच. "बरं," एवढं म्हणून त्यांनी जांभई दाबली आणि ते कोपऱ्यात आले.

इथं पडद्यावर रंग बेताचे होते आणि आवाज म्हणजे नुसती पिपाणी. पण परीक्षकांनी खुर्ची ओढली. मेंढरं ज्वारीत घातली. शेतकरी धावून आला तसे मोठ्याने हसले. पुन्हा खेळले. या वेळी औंधपर्यंत पोचले, एकाच्या रानात कळप बसवला आणि लहान पोरासारखी मांडीवर थाप मारली. मग घाटात अडकले आणि थांबले.

"एवढ्या जुन्या मशीनवर एवढी मेंढरं पळतात कशी?"

दीक्षाने सांगितलं. नानासोने मध्येच तात्याचं आणि शेपटाचं सांगितलं. परीक्षक मान डोलवत ऐकत होते. मग चष्मा काढून त्यांनी साधाच प्रश्न विचारला, "बाकीच्या जोड्यांनी ते दुसरं सॉफ्टवेअर वापरलं. तुम्ही का नाही वापरलं?"

दीक्षाने तोंड उघडायच्या आत खराडेसर पुढे झाले. आवाज एकदम मऊ. "काय आहे सर, हिची घरची परिस्थिती बेताची. परवडत नाही हो या मुलांना. मीच म्हटलं, असू दे, फुकटात मिळतंय त्यात करा. तेव्हा जरा सांभाळून घ्या."

बघा, किती सोपं होतं! परीक्षकांच्या डोळ्यांत माया आली होती. दीक्षाने नुसती मान खाली घातली असती, तर गुण पदरात पडले असते, सही झाली असती, सर पण खूश. नानासोने तिच्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली, गप बस म्हणून. ते बघितलं तिने. पण तिचं जे बोलायचं राहिलं होतं, ते आजचं नव्हतंच.

"परवडत होतं सर," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "पन्नास रुपयांत मिळत होतं. मला नको होतं."

तिने राजवर्धनच्या मशीनकडे बोट दाखवलं.

"ती सीडी कॉपीची आहे. तिचे पैसे ज्याचे त्याला कोणी दिलेले नाहीत. या मशीनवरचं क्यूबेसिक मशीनबरोबर आलंय, वापरायला दिलेलं आहे. मी दिलेलं घेतलं." मग ती खराडेसरांकडे वळली. "सर, तुम्ही वर्गात म्हणाला होता, तुम्हा लोकांना सगळं फुकटातलंच लागतं. या लॅबमध्ये फुकटातलं काय काय आहे ते तुम्हीच सांगा. माझ्या मशीनवर काही नाही."

राजवर्धनने मान खाली घातली. खराडेसरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खोकले, रुमाल शोधायला लागले. नानासोने डोळे मिटून घेतले होते. गेलं वर्ष, त्याला वाटलं, पण त्याची छाती मात्र फुगली होती.

परीक्षकांनी चष्मा पुसला, परत लावला, नव्या मशीनच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि खराडेसरांकडे बघितलं. त्यांना एक शब्दसुद्धा विचारला नाही. न विचारताच सरांना घाम फुटला.

"मेंढरं पुन्हा चालू कर बाळ," ते दीक्षाला म्हणाले. "मघाशी मी घाटात अडकलो होतो."

कळप घाट उतरून गेला तेव्हाच ते उठले. प्रोजेक्टच्या वहीवर त्यांनी आपली सही केली आणि वही उघडीच खराडेसरांपुढे सरकवून तिथंच उभे राहिले. बाहेरच्याने सही केल्यावर आतल्याने कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? सरांनी केली. स्वतःच्या हातातले गुण मात्र दोघांना अगदी पास होण्यापुरते टाकले, एकही जास्त नाही. नानासो दिवसभर त्यावरून चरफडत होता. दीक्षाने ते गुण बघून खांदे उडवले.

संध्याकाळी तिने कॉलेजच्या समोरच्या एसटीडी बूथमधून वीज मंडळाच्या कचेरीत फोन लावला. यल्लाप्पा खांबावरून नुकताच उतरला होता, धापा टाकतच फोनवर आला.

"आप्पा, पास झाले."

"ते व्हनारच हुतीस," तो म्हणाला. "बोललीस का?"

"बोलले."

"समदं?"

"समदं बोलले, आप्पा. काईसुदिक ठेवलं न्हाई."

 मग यल्लाप्पा कचेरीतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ये घरला. मीबी तवा मांडवाफुडच्या शिडीवरनं समदं बोलूनच उतरलो हुतो."